बाभळीजवळचा पाझर

आमची चौकी पाटाच्या अगदी काठावर होती. शेजारीच पाटाला पायरीएवढा उतार दिलेला होता, तिथं पाणी खाली पडायचं. आवर्तन सुरू झालं, म्हणजे पाटाला पाणी सोडलं, की त्या पडणाऱ्या पाण्यानं घरातली मांडणीवरची भांडी बारीक थरथरायची. आई म्हणायची, भांड्यांना थंडी वाजली. पंधरा-वीस दिवस तो आवाज कानात असा बसायचा की आम्ही एकमेकांशी मोठ्यानंच बोलायचो, आणि कुणाच्या घरी गेलो तर लोक विचारायचे, भांडताय का. मग एका सकाळी पाणी बंद व्हायचं. त्या शांततेनं मला जाग यायची. आई टोपलं घेऊन पाटात उतरायची, खळग्यात अडकलेले बोटाएवढे मासे गोळा करायची आणि दुपारी बाजरीच्या भाकरीबरोबर त्यांचं लाल कालवण व्हायचं. मीठ-मिरची लावून राहिलेले मासे छपरावर वाळत पडायचे. आता माझ्या सुनेला त्या वासाचं नाव काढलेलं चालत नाही, पण मला तो वास म्हणजे माहेर.

माझे वडील पाटावर चौकीदार होते. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. तीन मैलांचा पाट त्यांच्याकडं होता. सकाळ-संध्याकाळ भरावावरून चालत जायचं, कुठं गळती आहे का, कुणी पाणी सोडायचं दार उचकलंय का ते बघायचं आणि चौकीच्या भिंतीला लावलेल्या पट्टीवर पाणी किती चढलं ते वहीत लिहायचं. नोकरी एकट्या आण्णांची होती, पण कामाला आम्ही तिघं होतो. सगळ्याच चौक्यांवर तसं असायचं. आवर्तन चालू असताना पाटावरचा माणूस रजा काढत नसे. तो आजारी पडला तर त्याची बायको भरावावरून चालायची आणि पोरं पट्टी वाचायची. साहेबांनाही ते माहीत असायचं, पण कागदावर तो माणूस हजर असला म्हणजे झालं. आण्णांना सहीपुरतंच लिहिता येत होतं. मी वस्तीवरच्या शाळेत चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. पाचवीची शाळा लांबच्या गावात होती. आई म्हणाली, जाऊ द्या की तिला. आण्णा म्हणाले, मग पट्टी कोण लिहिणार? मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हे खरं आहे. वर्गात उभं राहून धडा वाचायला लावला की माझी जीभ टाळूला चिकटायची. वहीत आकडा लिहायला काही बोलावं लागत नव्हतं.

मी फार मुखदुर्बळ होते. घरी पाहुणे आले की कणगीमागं जाऊन बसायची. मोठी बहीण लग्न होऊन गेल्यावर तर दिवसदिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. बाजारात बायका आईला विचारायच्या, तुमची धाकटी मुकी आहे का? आई म्हणायची, मुकी नाही, जपून ठेवलेत शब्द, सासरी घेऊन जाणार आहे.

परक्या माणसांत मी ज्यांच्यासमोरून उठून जायची नाही असे एकच होते, साळवे मामा. ते पाटबंधारे खात्याच्या सिमेंटच्या गोदामावर कामाला होते आणि कामगारांच्या संघटनेच्या नेवाशाच्या शाखेचे सेक्रेटरी होते. शाखा म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली. तिथं सतरंजी, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. दर बाजारच्या दिवशी पाटकरी, चौकीदार, रस्त्यावरचे मजूर, सगळे तिथं टेकायचे. साळवे मामा सायकलवरून चौक्या फिरायचे. मागच्या कॅरेजला पत्र्याची पेटी, पेटीत कागद. आण्णांच्या पायात गमबूट आले ते त्यांच्यामुळं. त्याआधी आण्णा अनवाणी चिखल तुडवायचे आणि पावसाळ्यात त्यांच्या बोटांमध्ये चिखल्या पडायच्या. शेजारच्या चौकीवरचा माणूस साप चावून गेला, तेव्हा त्याच्या बायकोला घेऊन साळवे मामा किती वेळा नगरला गेले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ती बाई शेवटी त्याच्या जागेवर कामाला लागली. साळवे मामांचा एकच हट्ट असायचा. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. ते म्हणायचे, सायेब बदलतो, कागद बदलत न्हाई.

हेही लिहिते, कारण ते खरं आहे. आमच्या घरी त्यांचा कप वेगळा होता. कानाचा, निळ्या रेघेचा, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला. ते चहा प्यायचे, कप स्वतः विसळायचे आणि परत तिथंच ठेवायचे.

वही माझ्याकडं आल्यावर एका वर्षी आण्णांना हिवताप झाला. पाट भरून चालला होता आणि आण्णा गोधडीत कुडकुडत होते. दोन दिवस आई भराव चालत होती, मी पट्टी लिहीत होते. तिसऱ्या सकाळी आई लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं घेऊन आली. वरच्या अंगाला भरावावर एक वाकडी बाभूळ होती. तिच्या खालून पाझर लागलाय म्हणाली. आण्णा उठून बसले. त्यांनी एकच विचारलं, पाणी निवळ येतंय का गढूळ? पाटाला पाझर असतोच, निवळ पाणी झिरपलं तर घाबरायचं कारण नसतं. गढूळ आलं म्हणजे पाणी आतून माती घेऊन निघालंय. आई म्हणाली, गढूळ.

भराव राखायला कुणीतरी हवं होतं, म्हणून आई फावडं आणि पोती घेऊन परत गेली. आण्णांच्यानं उभं राहवत नव्हतं. साहेबांची कचेरी दीड कोसावर होती. आण्णांनी मला जवळ बसवलं आणि निरोप शिकवला. तीन वेळा माझ्याकडून म्हणून घेतला. त्यांचा हात भाजत होता. मग म्हणाले, पळत जा.

मी पळत गेले. वाटेत सगळा वेळ तो निरोप पुटपुटत होते. कचेरीच्या ओसरीवर साहेब खुर्चीत बसले होते. पांढऱ्या कपड्यातले चार-पाच बागायतदार त्यांच्याभोवती होते, चहा चालला होता, कुणीतरी काही सांगितलं आणि सगळे मोठ्यानं हसले. बाबूराव शिपाई कपबशा नेत होता. मी कडुनिंबाच्या बुंध्याशी उभी राहिले. माझ्या पायाला चिखल होता, फ्रॉक काखेत उसवला होता. वाटलं, हसणं थांबलं की जाऊ. मग वाटलं, ते पाहुणे उठले की जाऊ. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, पण झाडाची सावली माझ्या पायावरून सरकून गेली होती. मग पाहुणे उठले आणि साहेबही त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसून गेले. ओसरीवर बाबूराव एकटा पाठमोरा फडकं मारत होता. त्याला सांगता आलं असतं. तो गरीब माणूस होता, ओरडला नसता. मी दोन पावलं पुढं गेले, आणि परत फिरले.

घरी आण्णांनी विचारलं, सांगितलंस? मी मान हलवली. ते म्हणाले, मग येतील आता वरचं दार खाली करून, आणि डोळे मिटून पडले. मी चुलीपाशी जाऊन त्यांच्यासाठी हुलग्याचं माडगं ढवळत बसले. मला खरंच वाटत होतं की आईनं पोती टाकलीत, पाझर थांबेल.

दुपारी भांडी थरथरायची थांबली. पाणी चालू असताना ती कधीच थांबत नसत. आण्णांनीही ते ऐकलं. ते भिंत धरून बाहेर आले. चौकीजवळचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत खाली बसत होतं, कारण वर बाभळीपाशी पाट फुटला होता आणि सगळं पाणी शेतात चाललं होतं. आई चिखलानं माखून पळत आली. ती वाचली एवढंच चांगलं झालं. बाभूळ गेली. खालच्या वस्तीवरचा काढायला आलेला कांदा आणि गहू वाहून गेला, एका विहिरीत गाळ भरला. ज्यांचं गेलं ती माणसं आमच्या ओळखीची होती, आम्ही त्यांच्या सुगीला जायचो. त्यातल्या एका म्हातारीनं आमच्या दारात येऊन काही न बोलता ओंजळभर चिखल टाकला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आण्णांना निलंबित केलं. कागदावर होतं की चौकीदार कामावर हजर नव्हता आणि त्यानं गळतीची वर्दी दिली नाही. चौकशी लागली. नोकरी गेली तर चौकीही जाणार होती, आणि आम्हाला दुसरं घर नव्हतं.

साळवे मामा दुसऱ्याच दिवशी आले. आण्णा त्यांना सांगत होते, साळवे, वर्दी दिली हो मी, माझी पोर पाठवली होती. साळवे मामांनी मला विचारलं, गेल्तीस ना पोरी? मी मान हलवली. साहेब म्हणत होते कुणी आलं नाही. बाबूराव शिपाईही तेच म्हणत होता. शाखेतले सगळे धरून चालले की साहेब खोटं बोलतायत आणि बाबूराव त्यांना भिऊन खोटं बोलतोय. बाबूराव संघटनेचाच होता, पण बाजारच्या दिवशी तो खोलीत आला की लोक गप्प व्हायचे. आई एकदा बाजारातून येऊन सांगत होती की त्याला कुणी तंबाखूसुद्धा विचारली नाही. मी भाकरी थापत होते. माझ्या हातातली भाकरी फाटली.

ते पाच-सहा महिने साळवे मामा दर आठवड्याला आमच्याकडं येत होते. चौकशीत कामगाराच्या बाजूनं बोलायला संघटनेचा माणूस उभा राहू शकतो, असा नियम त्यांनी आण्णांना वाचून दाखवला. कुठल्याही कागदावर मला दाखवल्याशिवाय सही करायची नाही, असं बजावलं. येताना कधी ज्वारी, कधी शेंगा आणायचे, शाखेतल्या लोकांनी दिल्यात म्हणायचे. त्याच दिवसांत केव्हातरी आण्णांनी त्यांना आपल्याच पितळी पेल्यात चहा दिला. निळ्या रेघेचा कप कोनाड्यातून कुठं गेला मला माहीत नाही, आईनं कुणाला तरी देऊन टाकला असावा. साळवे मामा मला समोर बसवून विचारायचे, आता समज मी सायेब हाय, तर तू काय सांगशील? मी निरोप म्हणून दाखवायची. तो मला पाठच होता. ते खूश होऊन आण्णांना म्हणायचे, किसनराव, पोर गप असती पन पक्की हाय.

चौकशीच्या दिवशी आम्ही एसटीनं नगरला गेलो. आता त्याला अहिल्यानगर म्हणतात, माझ्या तोंडात नगरच येतं. आईनं गूळ-शेंगदाणे आणि दशम्या बांधून दिल्या होत्या. कचेरीत लांब व्हरांडा होता आणि एक बाक. नाव-गाव लिहून घ्यायला आण्णांना आधी आत बोलावलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बाबूराव बसला होता, तोही साक्षीला आलेला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता आणि गुडघ्यावर ठेवलेले त्याचे हात एकमेकांत घट्ट अडकवलेले होते. मग कुणीतरी त्याला पाणी प्यायला म्हणून खाली नेलं. साळवे मामा माझ्याजवळ बसले, पेटी मांडीवर घेतली आणि म्हणाले, पुन्यांदा एकदा म्हन बघू. कचेरीत जाऊन तू कुनाला सांगितलंस?

मी म्हणाले, "कुनालाच न्हाई."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पेटीची कडी उघडली, परत लावली. मग अगदी हळू विचारलं, "गेल्तीस का पन?"

"गेल्ते. झाडापाशी हुबी हुते."

"बाबूरावनं पायलं तुला?"

"न्हाई."

व्हरांड्याच्या टोकाला एक माणूस टंकलेखन करत होता, त्याच्या यंत्राचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "तू आत जाऊन सांगितलं म्हनलीस, तर तुजा बाप सुटंल आन खोटी साक्ष दिली म्हनून बाबूराव जाईल. त्याला बी दोन लेकरं हाईत, आन तो बी आपलाच मानूस हाय." मग पेटी उचलून उठले आणि म्हणाले, "तू हितंच बस. आत येऊ नगंस."

मी विचारलं, "आन आण्णा?"

"ते माज्याकडं लागलं."

आत काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. साळवे मामांनी साक्षीदार नाही म्हणून सांगितलं. आण्णा चकित झाले, पण कचेरीत आण्णाही माझ्यासारखेच होते, मोठ्या टेबलासमोर त्यांना शब्द सुचत नसे. मग साळवे मामांनी पेटीतून तीन अर्जांच्या प्रती काढल्या. बाभळीजवळचा भराव खचतोय, तिथं दगड बसवा, तीन मैलांना एक माणूस पुरत नाही, दुसरा द्या, असे अर्ज शाखेनं आधीच्या दोन वर्षांत दिलेले होते. प्रत्येकावर खात्याची पोच होती. आण्णांच्या तापाचा दवाखान्याचा कागद होता. त्यावर ते दुपारपर्यंत बोलत होते. त्यामुळं आण्णांची नोकरी राहिली. पण वर्दी दिल्याचं शाबीत झालं नाही, म्हणून निलंबनाचे दिवस बुडाले, आण्णांना चौकीदारावरून मजूर केलं आणि बदली श्रीगोंद्याकडं झाली. चौकी महिन्याभरात सोडायची होती.

हे सगळं पुढं कागदावर आलं. पण आपल्या पोरीला आत बोलावलं नाही, एवढं आण्णांना त्या दिवशीच कळलं होतं. नगरच्या स्टँडवर, नेवाशाची गाडी लागायची होती तिथं, त्यांनी साळवे मामांना विचारलं. आवाज चढवला नाही. "माजी पोर भाईर बसलेली असताना साक्षीदार न्हाई म्हनलात. का?"

साळवे मामा म्हणाले, "मला तसं वाटलं, किसनराव."

"सायबानं काय दिलं तुमाला?"

साळवे मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मी त्या दोघांच्या मध्ये दशम्यांचं गाठोडं धरून उभी होते. ते मला दिसले, मी त्यांना दिसले. मग चष्मा घालून ते म्हणाले, "चुकलं माजं."

आण्णा म्हणाले, "शेवटी तुमी लोक..." आणि तिथंच थांबले. पण जेवढं बोलले तेवढं पुरेसं होतं. साळवे मामा दुसऱ्या गाडीनं आले.

मला तेव्हा बोलता आलं असतं. स्टँडवर, गाडीत, घरी, कुठंही. चौकीतलं सामान बैलगाडीत भरत होतो तेव्हा तर आम्ही तिघंच होतो. आई मांडणी उतरवत होती आणि भांडी एकावर एक ठेवत होती. आण्णा भिंतीवरच्या पट्टीकडं बघत उभे होते. मी तोंड उघडलंसुद्धा. आण्णा वळले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तुझा काही दोष नाही, तू तर पळत गेली होतीस. त्यानंतर मला ते कधीच जमलं नाही.

श्रीगोंद्याला आण्णांनी संघटना सोडली. तिथल्या शाखेची माणसं बोलवायला यायची, त्यांना ते ही गोष्ट सांगायचे. साळवेनं ऐन वेळेला कच खाल्ली, हे त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं की तेच घडलं असं कधी कधी मलाही वाटायचं. नेवाशाकडंही तशी कुजबुज झालीच, कारण साळवे मामांनी शाखेत सांगितलं होतं की बाबूरावचं काही चुकलेलं नाही, त्याच्याशी नीट वागा. का, ते सांगितलं नाही. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना सेक्रेटरी केलं नाही. ते कागद मात्र लिहीत राहिले. आण्णा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या पेन्शनची फाईल कुठंतरी अडली होती, ती आपोआप सुटली असं आण्णा समजत होते. तिच्यातल्या अर्जाचं अक्षर मी ओळखलं. आण्णा गेले तेव्हा साळवे मामा आले होते. अंगणाच्या कडेला उभे राहिले, चहा नको म्हणाले आणि गेले. माझ्याशी बोलले नाहीत. मी घुंगटासारखा पदर ओढून बायकांत बसले होते.

मागच्या महिन्यात साळवे मामा वारले. मुलानं मोबाईलवर शोकसभेचं वाचून दाखवलं, मी म्हणाले, मला ने. तो मोटारसायकलवरून घेऊन गेला. सायकलचं दुकान आता राहिलं नाही, खाली मोबाईलचं दुकान आहे, वरची खोली तीच आहे. लोखंडी कपाटही तेच. लोक बोलले, चांगलं बोलले. गमबुटांचं बोलले. साप चावलेल्या माणसाच्या बायकोचा नातू आला होता, त्याला बोलताना रडू आलं. माझ्या पुढच्या रांगेत दोन म्हातारे होते. त्यातला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, मानूस सोन्यासारखा, फक्त त्या किसन चौकीदाराच्या येळेला तेवढं... दुसरा म्हणाला, व्हय, ते तेवढं न्हाई कळलं कदी.

अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत का? मी सतरंजीवर हात टेकला, उठायला म्हणून. हात तसाच राहिला. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि मीही उभी राहिले.

घरी आल्यापासून नातीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. अक्षर लावायला वेळ लागतो. आण्णांनी शिकवलेला निरोप अजून पाठ आहे. साहेब, मी किसन चौकीदाराची मुलगी. आण्णांना ताप आहे. बाभळीखाली पाझर लागलाय, पाणी गढूळ येतंय. वरचं दार खाली करा.

त्याच्या खाली आता आणखी दोन ओळी लिहिल्या आहेत, आणि त्याही म्हणून बघते. निरोप मी दिला नव्हता. साळवे मामांना ते माहीत होतं.